युद्धातून सावरणाऱ्या देशात मधुमेहाची सेवा: शिबिराआधी इन्सुलिन

प्रश्न असा आहे: "मी अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, बीड जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केले आणि आता एका आंतरराष्ट्रीय संस्थेतर्फे सीरियात जाणार आहे. तिथल्या एका जिल्ह्यात मधुमेहाचे उपचार आणि प्रतिबंध यांची व्यवस्था नव्याने उभारायची आहे. आराखड्यात तपासणी शिबिरे, नवे केंद्र, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, आहाराविषयी जनजागृती असे बरेच काही आहे, पण क्रम ठरत नाही. सुरुवात कुठून करावी?"

तुमच्या आराखड्यातील सगळ्याच गोष्टी कधी ना कधी कराव्या लागतील. प्रश्न क्रमाचाच आहे, आणि युद्धातून उठणाऱ्या देशात क्रम चुकला तर त्याची किंमत रुग्ण जिवाने मोजतात. आज इन्सुलिनवर जगत असलेल्या माणसांची नावानिशी यादी करणे आणि त्यांच्या इन्सुलिनमध्ये एक दिवसाचाही खंड पडणार नाही अशी सोय लावणे, हे पहिले काम. त्यानंतर निदान आधीच झालेल्या बाकीच्या रुग्णांच्या गोळ्या, मग परिचारिकेने चालवायचा दवाखाना, आणि नवे रुग्ण शोधण्याची मोहीम सर्वांत शेवटी. प्रतिबंध या रांगेत बसत नाही. तो पहिल्या महिन्यापासून सुरू करावा लागतो, मात्र दवाखान्याबाहेर, रेशनच्या पिशवीत आणि गरोदर स्त्रियांच्या तपासणीत.

मी सीरियात गेलेलो नाही, हे आधीच सांगतो. माझी वैद्यकी मराठवाड्यातली. चाळिशी ओलांडणारा उन्हाळा, तासन्‌तास जाणारी वीज आणि वर्षातील निम्मा काळ गाव सोडून राहणारे ऊसतोड कामगार, या परिस्थितीत मधुमेह सांभाळण्यात माझी बरीच वर्षे गेली. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात शिकायला येणारे येमेनी आणि सुदानी विद्यार्थीही रुग्ण म्हणून येत राहिले. या अनुभवाच्या आणि जगात अन्यत्र झालेल्या कामाच्या आधारे पुढचे लिहीत आहे.

शिबिरे शेवटी का, ते आधी सांगतो, कारण त्यावरच तुम्हाला सर्वाधिक दबाव येईल. देणगीदाराला आकडा हवा असतो आणि शिबिरात आकडा पटकन मिळतो. आपल्याकडेही मंडप, फ्लेक्स, उद्घाटन, रांगेत बोटाला सुई आणि हातात साखरेचा आकडा लिहिलेली चिठ्ठी, हा प्रकार तुम्ही पाहिलेला आहेच. ती चिठ्ठी घेऊन माणूस पुढे कुठे गेला, हे मात्र कोणी विचारत नाही. ज्या जिल्ह्यात आधीच्याच रुग्णांना गोळ्या मिळत नाहीत तिथे नवीन हजार जणांना "तुम्हाला साखर आहे" असे सांगणे म्हणजे त्यांच्या हाती फक्त काळजी देणे आहे. शिवाय हे नवे रुग्ण अपुऱ्या साठ्यातच वाटेकरी होतात आणि त्याचा पहिला फटका इन्सुलिनशिवाय जगूच न शकणाऱ्या टाइप १ च्या मुलांना बसतो. १९२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले जाईपर्यंत अशी मुले काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जात असत. आजही ज्याचे इन्सुलिन पूर्ण बंद पडते तो काही दिवसांतच कीटोअॅसिडोसिसमध्ये, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याच्या जीवघेण्या अवस्थेत, जातो.

आता सीरियाची स्थिती. युद्धापूर्वी हा देश आपल्याला लागणाऱ्या औषधांपैकी सुमारे ९० टक्के औषधे स्वतः बनवत असे आणि त्या कारखान्यांचा मोठा भाग अलेप्पो, होम्स आणि दमास्कसच्या परिसरात होता. २०११ नंतर ते कारखाने लढाईच्या रेषेत सापडले. युद्धापूर्वीच्या लोकसंख्येपैकी निम्म्याहून अधिक लोकांना घर सोडावे लागले. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपाने अलेप्पो आणि इदलिब भागात उरलेसुरले दवाखानेही खिळखिळे केले. डिसेंबर २०२४ मध्ये सत्ता बदलली, पण तोवर एकाच देशात तीन वेगवेगळ्या आरोग्यव्यवस्था तयार झाल्या होत्या: सरकारी भागाची एक, तुर्कस्तानच्या सीमेवरून येणाऱ्या मदतीवर स्वयंसेवी संस्थांनी चालवलेली वायव्येची दुसरी आणि कुर्दांच्या नेतृत्वाखालील प्रशासनाची ईशान्येकडची तिसरी. घरी परतणारा रुग्ण यांपैकी कुठल्याही व्यवस्थेतून, किंवा जॉर्डन, लेबनॉन, तुर्कस्तानातून, वेगळ्या नावाच्या गोळ्या आणि वेगळ्या भाषेतला केसपेपर घेऊन तुमच्यासमोर बसेल. म्हणून जिल्ह्यात पाय ठेवल्यावर पहिल्या बैठकीत इमारतीचा विषय काढू नका. औषधांची एकच यादी आणि नोंदवहीचा एकच नमुना एवढ्या दोनच गोष्टींवर सर्व संस्थांची सही घ्या, आणि ती जिल्हा आरोग्य कार्यालयाच्या नावाने घ्या, तुमच्या संस्थेच्या नावाने नको.

नोंदवहीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण नवख्या माणसाला ते कारकुनी काम वाटते. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी काम करणारी संयुक्त राष्ट्रांची संस्था, जिचे दवाखाने सीरियातही आहेत, १९९२ पासून प्राथमिक दवाखान्यातच मधुमेहाचे उपचार देते. तिने जॉर्डनमधील नुझा येथील दवाखान्यात क्षयरोग कार्यक्रमाची पद्धत मधुमेहाला लावून पाहिली: एका तिमाहीत नोंदलेल्या रुग्णांचा एक गट धरायचा आणि दर तिमाहीला त्या गटातील किती जण आले, किती जणांची साखर आटोक्यात आहे, किती जण गळाले, किती जण मरण पावले, किती जणांना पायाची जखम, अंधत्व किंवा मूत्रपिंडाचा विकार झाला, हे मोजायचे. तुम्ही आपल्या क्षयरोग कार्यक्रमात हेच केलेले आहे. थुंकीच्या जागी साखर आली एवढाच फरक. "या वर्षी १२,००० तपासण्या झाल्या" या वाक्यातून काहीच कळत नाही. "जानेवारी ते मार्चमध्ये नोंदलेल्या २०० जणांपैकी वर्षअखेर ६० जण बेपत्ता आहेत" या वाक्यातून सगळे कळते. (हे दोन्ही आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत.)

बेपत्ता होणे हा विस्थापितांच्या उपचारातला सर्वांत मोठा रोग आहे आणि इथे बीड जिल्ह्याचा अनुभव तुमच्या उपयोगी पडेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन टोळी कारखान्यावर जाते आणि उन्हाळा लागल्यावर परत येते. मधल्या काळात कामगाराचा पत्ता म्हणजे मुकादमाचा मोबाइल. अशा रुग्णाला "दर महिन्याला या" सांगण्यात अर्थ नसतो. तो निघण्याआधी तीन महिन्यांच्या गोळ्या, आजाराचे नाव, औषधांची नावे आणि मात्रा लिहिलेले प्लॅस्टिकच्या पिशवीतले कार्ड आणि गावात मागे राहिलेल्या नातेवाइकाचा नंबर, एवढे केले तर तो टिकतो. सीरियात कार्ड अरबीत असावे, औषधाचे मूळ नाव लिहावे, कंपनीचे नको, आणि मात्रा आकड्याबरोबर अक्षरांतही लिहावी. दोन पत्ते घ्या: सध्या राहतात तो आणि जिथे परत जायचे म्हणतात तो. संगणकीय नोंदणी जरूर करा, पण वीज आणि नेट गेल्यावरही वाचता येईल अशी कागदी वही तिच्या जोडीला ठेवा. एक सावधगिरी मात्र इथे बीडपेक्षा जास्त लागेल. ज्या देशात यादीत नाव असणे हेच कित्येकांच्या जिवावर बेतले तिथे रुग्णांची वही कोणाला दिसते, हा प्रश्न रुग्ण तुम्हाला विचारतील. वहीत धर्म, जमात, मूळ राजकीय भाग अशी अनावश्यक माहिती घेऊच नका.

पुरवठ्याचे गणित हाताने करून पाहा. एका प्रौढ टाइप १ रुग्णाला दिवसाला ४० युनिट लागतात असे धरले तर महिन्याला १,२०० युनिट झाले. १०० युनिट प्रति मिलिलिटरच्या १० मिलिलिटरच्या बाटलीत १,००० युनिट असतात, म्हणजे महिन्याला जवळजवळ सव्वा बाटली. पण पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला १२ युनिट पुरत असली तरी हिशेब ३६० युनिटचा करता येत नाही, कारण उघडलेली बाटली साधारण २८ दिवसांनी टाकून द्यावी लागते आणि त्याला झटपट काम करणारे व मध्यम कालावधीचे अशी दोन इन्सुलिन लागतात. म्हणजे वर्षाला २६ बाटल्या, मग त्यातले अर्ध्याहून अधिक औषध वाया का जाईना. नुसत्या युनिटवर मागणी नोंदवणाऱ्या कार्यालयात लहान मुलांचे इन्सुलिन वर्षाच्या मध्यातच संपते ते यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेचा असंसर्गजन्य आजारांसाठीचा आपत्कालीन संच १०,००० लोकवस्तीला तीन महिने पुरेल अशा बेताने बांधलेला असतो. त्याने सुरुवातीची वेळ निभावते. त्या तीन महिन्यांत नियमित खरेदीची व्यवस्था लागली नाही तर चौथ्या महिन्यात तुम्ही पुन्हा शून्यावर येता.

देणगी म्हणून आलेले औषध तपासल्याशिवाय उतरवून घेऊ नका. बोस्नियात १९९२ ते १९९६ या काळात आलेल्या औषधी मदतीपैकी निम्म्याहून अधिक माल निरुपयोगी, मुदत संपलेला किंवा तिथे न लागणारा होता. अशा औषधांचे वजन सुमारे १७,००० टन भरले आणि त्याची विल्हेवाट लावण्याचा खर्च त्या बिचाऱ्या देशावरच पडला. मदत देशात पोहोचते त्या वेळी औषधाची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा संकेत आहे. तो दाखवून नम्रपणे नकार देता येतो. किल्लारीच्या वेळचा मदतीचा पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे पटवावे लागणार नाही.

या संदर्भात एक धोका असा आहे की तो भारतातून जाणाऱ्या डॉक्टरने विशेष लक्षात ठेवावा. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुधा ४० युनिट प्रति मिलिलिटरची आणि सिरिंज लाल टोपीची असते. जगात बहुतेक ठिकाणी बाटली १०० युनिटची आणि सिरिंज नारिंगी टोपीची असते. माझ्याकडे आलेल्या एका येमेनी विद्यार्थ्याची साखर आठवडाभर ४०० च्या खाली उतरत नव्हती. खाण्यात बदल नाही, ताप नाही, इंजेक्शनही चुकलेले नाही. शेवटी त्याला समोर बसवून इंजेक्शन भरायला सांगितले. बाटली इथल्या दुकानातली होती, सिरिंज त्याने घरून आणलेली, नारिंगी टोपीची. तो २० च्या रेघेपर्यंत भरत होता आणि त्याच्या अंगात प्रत्यक्षात ८ युनिट जात होती. उलट प्रकार घडला, म्हणजे १०० ची बाटली आणि लाल टोपी, तर २० च्या रेघेवर ५० युनिट जातात आणि माणूस झोपेतच जाऊ शकतो. तुमच्या जिल्ह्यात वेगवेगळ्या देशांतून मदत येणार, त्यात भारतीय मालही असेल. म्हणून जिल्ह्यात एकाच तीव्रतेची बाटली आणि तिच्याच सिरिंज ठेवायच्या, दुसरी तीव्रता गोदामातूनच परत करायची, आणि प्रत्येक नव्या रुग्णाला डॉक्टरांसमोर एकदा इंजेक्शन भरून दाखवायला लावायचे. यासाठी वेगळा खर्च लागत नाही.

साठवणुकीविषयी लोकांच्या मनात असलेली भीती आता बरीच कमी करता येईल. केनियातील दादाब निर्वासित छावणीत दिवसाला २५ ते ३७ अंशांदरम्यान वर-खाली होणारे तापमान नोंदवून, 'सीमाविरहित डॉक्टर' या संस्थेने आणि जिनिव्हा विद्यापीठाने प्रयोगशाळेत चार आठवडे इन्सुलिन तशाच तापमानात ठेवून पाहिले. त्याची शक्ती थंड ठेवलेल्या इन्सुलिनइतकीच राहिली. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे अनेक अभ्यास एकत्र पडताळणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यानेही न उघडलेले ह्यूमन इन्सुलिन २५ अंशांपर्यंत सहा महिने आणि ३७ अंशांपर्यंत दोन महिने ठेवता येते, असा निर्वाळा दिला. म्हणजे घरी फ्रिज नाही म्हणून रुग्णाला रोज दवाखान्यात बोलावण्याची किंवा इन्सुलिनच नाकारण्याची गरज नाही. आपल्याकडे माठात किंवा ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात बाटली ठेवण्याची पद्धत आहे, ती सीरियाच्या अंतर्भागात, रक्का-देर एझ-झोरच्या कोरड्या उष्णतेत, चांगली चालेल. लताकियाच्या दमट किनाऱ्यावर पाण्याचे बाष्पीभवन कमी होत असल्याने तिचा तितका उपयोग नाही. उन्हात उभ्या गाडीत मात्र बाटली कधीही ठेवू नये. गोठण्याची भीती लोकांना नसते, ती घालून द्यावी लागते: फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याला चिकटून राहिलेली बाटली एकदा गोठली की ती वितळल्यावर पूर्वीसारखी दिसली तरी वापरायची नाही. तिकडे हिवाळाही कडक असतो.

औषधांची यादी आखूड ठेवा. मेटफॉर्मिन, ग्लिक्लाझाइड आणि ह्यूमन इन्सुलिन यांवर जिल्ह्याचा बहुतांश मधुमेह सांभाळता येतो. साधनांची टंचाई असलेल्या ठिकाणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये दिलेला क्रमही हाच आहे. २०२१ मध्ये दीर्घकाळ टिकणारी अॅनालॉग इन्सुलिन (रचनेत थोडा बदल केलेली नवी इन्सुलिन) आवश्यक औषधांच्या यादीत आली, आणि ती चांगलीच आहेत. पण जोवर पुरवठा खात्रीचा नाही तोवर रुग्णाला महागड्या पेनची सवय लावून मग बाटलीवर आणणे हे त्याच्यावर अन्याय करण्यासारखे आहे. भारतात ह्यूमन इन्सुलिन अनेक कंपन्या बनवतात, वोखार्टचा प्रकल्प तर आपल्या संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीतच आहे. त्यामुळे खरेदीच्या चर्चेत तीनच बहुराष्ट्रीय कंपन्यांची नावे पुढे येत असतील तर भारतीय पर्यायाची विचारणा अवश्य करा, १०० युनिटच्या बाटलीची अट घालून.

तयार मिश्रणाचे ३०/७० इन्सुलिन सोयीचे वाटते, पण जिथे रात्रीची भाकरी मिळेल की नाही हे सकाळी ठाऊक नसते तिथे झटपट काम करणारे आणि मध्यम कालावधीचे इन्सुलिन वेगवेगळे देणे मला अधिक सुरक्षित वाटते. जेवण मिळाले नाही तर जेवणाआधीचे इंजेक्शन टाळायचे, पण मध्यम कालावधीचे इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नाही, त्याची मात्रा उतरवायची, हे रुग्णाला चित्रासह समजावता येते. ग्लिबेनक्लामाइड ही साखर फार उतरवू शकणारी गोळी मदतीत आली तर वयस्क आणि अर्धपोटी रुग्णांना देऊ नका.

ग्लुकोमीटर फुकट मिळतात, अडते ते स्ट्रिपवर. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे मदतीत आली की महिन्याभरात अर्धी कपाटात जातात, कारण त्यांच्या स्ट्रिप स्थानिक बाजारात नसतात. एकच यंत्र ठरवा, आणि टाइप १ च्या प्रत्येक मुलासाठी दिवसाला किमान दोन स्ट्रिप खरेदीत धरा. एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी, सर्वांना करता आली नाही तर उपाशीपोटी साखरेवर काम चालते. रक्तक्षय किंवा थॅलसेमिया असलेल्या रुग्णात एचबीए१सीचा आकडा तसाही फसवा निघतो.

माणसांचा प्रश्न औषधांपेक्षा कठीण आहे. डॉक्टर देश सोडून गेलेले आहेत आणि जर्मनीत रमलेला हृदयरोगतज्ज्ञ इदलिबला परत येईल अशी आशा करत बसण्यात वेळ जाईल. १९९४ च्या नरसंहारानंतर रवांडाने वेगळी वाट धरली: २००६ पासून जिल्हा रुग्णालयात प्रशिक्षित परिचारिकांनी टाइप १ मधुमेह, हृदयविकार आणि इतर अवघड दीर्घ आजारांचे दवाखाने चालवले, डॉक्टर अवघड रुग्णांपुरते आले. हीच पद्धत पुढे आफ्रिकेतील देशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या विभागीय बैठकीत स्वीकारली. कंबोडियात २००४ मध्ये मोपोत्स्यो नावाची संस्था सुरू झाली, तिने रुग्णांमधूनच शिक्षक घडवले. स्वतः मधुमेही असलेला, साखर आटोक्यात आणलेला माणूस गावातल्या इतरांना गोळा करतो, लघवीच्या स्वस्त पट्टीने साखर पाहायला शिकवतो, आणि औषधे फिरत्या निधीतून कमी दरात मिळतात. आपल्या आशाताईच्या कामाशी याचे साम्य आहे, पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो: आशाताईच्या पाठीवर आधीच वीस कामे असतात, तर या शिक्षकाला एकच काम असते आणि त्यात त्याचा स्वतःचा जीव अडकलेला असतो.

आता प्रतिबंध. "गोड खाऊ नका, रोज अर्धा तास चाला" हे फलक तुमच्या आराखड्यात असतील तर त्यांचा छपाईखर्च वाचवा. ज्या रस्त्यावर सुरुंग असू शकतात तिथे सकाळी फिरायला जा असे सांगता येत नाही, आणि माणूस काय खातो हे तो ठरवत नाही, वाटपाची यादी ठरवते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने सुकडी आणि मिलो खाल्ली ती आवडीने नव्हे. खडी फोडण्याच्या कामावर तेच मिळत होते. पुढे रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त झाला तशी ज्वारीची भाकरी ताटातून मागे सरली. सीरियातील मदतीच्या पिशवीत साधारणपणे पीठ, तांदूळ, बुलगूर (उकडून भरडलेला गहू), तेल, मसूर, हरभरे आणि साखर असते, आणि त्याबरोबर सरकारी दरातील पाव. पिशवीतील साखर निम्मी करून मसूर-हरभरे वाढवता आले, पांढऱ्या तांदळाऐवजी बुलगूर आला, तर जिल्ह्यातील प्रत्येक घरावर एकाच वेळी जो परिणाम होईल तो हजार व्याख्यानांनी होणार नाही. हे ठरवणारे लोक आरोग्याच्या बैठकीत येत नाहीत. अन्नवाटपाच्या बैठकीत तुम्हालाच जावे लागेल, आणि तिथे चहात साखर हवीच म्हणणाऱ्या लोकांचे ऐकूनही घ्यावे लागेल.

दुसरी जागा म्हणजे गर्भ. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, त्या काळात पोटात असलेल्या मुलांची पन्नाशीत तपासणी केली तेव्हा साखर पचवण्याची त्यांची क्षमता कमी आढळली. युक्रेनमधील १९३२-३३ च्या दुष्काळात गर्भावस्थेच्या सुरुवातीला सापडलेल्या व्यक्तींमध्ये टाइप २ मधुमेहाचे प्रमाण दुपटीहून अधिक असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. उपासमारीतून गेलेल्या कंबोडियात तर लोक बारीक, कष्टाळू आणि पारंपरिक राहणीचे असूनही २००५ मध्ये छापून आलेल्या पाहणीत सिएम रीपमध्ये ५ टक्के आणि कांपोंग चाममध्ये ११ टक्के प्रौढांना मधुमेह निघाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय बाळ जन्मतः हडकुळे दिसले तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण अधिक असते हे दाखवले, त्याच्याशी हे जुळते. सीरियाच्या युद्धात पूर्व घूता आणि मदाया या भागांना पडलेल्या वेढ्यात जी मुले पोटात होती ती आता शाळेत आहेत. त्यांच्या पिढीचा मधुमेह आणखी पंधरा-वीस वर्षांनी येईल आणि त्यांच्यातील मुली आई होतील तेव्हा तो पुढच्या पिढीत जाईल. म्हणून गरोदरपणातील साखर तपासणी हा प्रतिबंधाचा खरा कणा आहे. भारतात रुळलेली पद्धत, म्हणजे जेवण झालेले असो वा नसो ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर पाहणे आणि ती १४० किंवा त्याहून जास्त असल्यास उपचार सुरू करणे, ही ज्या बाईला दोनदा दवाखान्यात येणे शक्य नाही तिच्यासाठीच जणू बनलेली आहे.

याच संदर्भात निदानाचीही एक सूचना करतो. बारीक, तरुण, दीर्घकाळ कुपोषित राहिलेला रुग्ण, साखर ४०० आणि तरीही लघवीत कीटोन नाहीत, असा दिसला तर त्याला लगेच टाइप १ ठरवून मोठी मात्रा सुरू करू नका. कुपोषणाशी निगडित मधुमेह १९८५ च्या वर्गीकरणात होता, १९९९ मध्ये वगळला गेला, आणि एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या जागतिक परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला टाइप ५ म्हणून मान्यता दिली. या रुग्णांना इन्सुलिन लागले तरी थोडे लागते. अर्धपोटी असताना जास्त मात्रा दिली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते.

नवे रुग्ण शोधणे केव्हा सुरू करावे? आधीच्या सर्व रुग्णांना पुरून सहा महिन्यांचा साठा गोदामात आहे, असे नोंदवही सांगेल तेव्हा. तेव्हाही मंडप नको. गरोदर स्त्रियांची तपासणी पहिल्यापासून सुरूच असेल; तिच्या जोडीला क्षयरोगाचे रुग्ण, चाळिशीपुढचे रक्तदाबाचे रुग्ण आणि न भरणारी पायाची जखम घेऊन आलेला प्रत्येक जण, एवढ्यांची साखर तपासली तरी बहुतेक महत्त्वाचे रुग्ण सापडतात. मधुमेह्याला क्षयरोग होण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो आणि दाटीच्या छावणीत तो वाढतोच, म्हणून हे दोन्ही दवाखाने एकमेकांच्या शेजारी असावेत. पाय दर भेटीत उघडून पाहायचे. त्यासाठी परिचारिकेकडे खुर्ची, मोनोफिलामेंट (पायाची संवेदना तपासायचा बारीक धागा) आणि पाच मिनिटे असली की पुरे.

पैशाविषयी थोडक्यात. तुमच्या संस्थेचा करार किती वर्षांचा आहे ते आजच विचारा आणि इन्सुलिनचा खर्च पहिल्याच वर्षी जिल्ह्याच्या किंवा राष्ट्रीय अंदाजपत्रकात, भले दहा टक्के का होईना, एका ओळीत घालून घ्या. अंदाजपत्रकात असलेली ओळ पुढच्या वर्षी वाढवता येते. नसलेली ओळ तुम्ही निघून गेल्यावर कोणी घालत नाही.

शेवटचा विषय रमजानचा, कारण तो तुमच्या पहिल्याच वर्षात येईल. परभणी-नांदेडला रोजे धरणारे रुग्ण तुम्ही पाहिलेच असतील. सीरियात ते बहुसंख्य असतील. रमजानच्या आधी सहा ते आठ आठवडे प्रत्येकाची तपासणी करून कोणी रोजे धरू नयेत हे ठरवा: टाइप १ चे बहुतेक रुग्ण, इन्सुलिन घेणाऱ्या गरोदर स्त्रिया, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि ज्यांची साखर वरचेवर एकदम उतरते असे सगळे. बाकीच्यांची ग्लिक्लाझाइडची गोळी इफ्तारच्या वेळेवर न्यावी, मेटफॉर्मिनचा मोठा भागही इफ्तारला द्यावा. बोटाला सुई टोचल्याने रोजा तुटत नाही आणि साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा, ही दोन वाक्ये तुम्ही सांगितलीत तर निम्मे लोक ऐकतील. मशिदीतून इमामांनी सांगितली तर बहुतेक सगळे ऐकतील, म्हणून त्यांची भेट रमजानच्या आधीचा शाबान महिना लागण्यापूर्वीच घ्या. सध्या रमजान हिवाळ्याकडे सरकत असल्याने रोज्याचे तास कमी आहेत. तुमचे पहिले वर्ष त्या मानाने सोपे जाईल.